शै, दिरहम आणि वारसांचा हक्क : मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी

दहावीच्या गणित भाग १ चं पुस्तक उघडलं की पहिलंच प्रकरण समोर येतं : दोन चलांतील रेषीय समीकरणे. दोन संख्यांची बेरीज इतकी, त्यांच्यातला फरक इतका, तर त्या संख्या कोणत्या? बापाचं वय आणि मुलाचं वय, नावेचा वेग आणि प्रवाहाचा वेग, पेनांची किंमत आणि वह्यांची किंमत. आपल्या घरातली कितीतरी पोरं नेमकी इथंच अडखळतात. आकडेमोड येते, पण गोष्टीतून समीकरण कसं काढायचं ते कळत नाही. मग शाब्दिक उदाहरण सोडून पुढं जायचं, मार्क गेले तर गेले, असा हिशेब होतो. दहावीनंतर गणिताला कायमचा सलाम.

ज्यांच्या पुस्तकाच्या नावावरून या शास्त्राला जगभर अलजेब्रा म्हणतात, त्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांचं नाव आपल्याकडे जलशांत आणि भाषणांत अभिमानानं घेतलं जातं. पण त्यांनी त्या पुस्तकात काय लिहिलं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांच्या पुस्तकाचा जवळपास अर्धा भाग वसीयत आणि मीरास यांच्या हिशेबाचा आहे. माणूस गेल्यावर मागं राहिलेल्या मालातून कुणाला किती मिळायचं, याची ही उदाहरणं आहेत. शाळेत आपण ज्याला शाब्दिक उदाहरण म्हणतो, तो त्यांच्यासाठी कुणाच्या तरी हक्काचा प्रश्न होता. म्हणून आज आम्ही त्यांची हयात त्या उदाहरणांसकट वाचकांपुढं ठेवत आहोत.

ख्वारिज्म ते बगदाद

ख्वारिज्मींचा जन्म साधारण इ.स. ७८० चा मानतात. त्यांच्या आईवडिलांबद्दल, बालपणाबद्दल किंवा उस्तादांबद्दल इतिहासात जवळजवळ काहीच नोंद नाही. नावातला ख्वारिज्म हा अरल समुद्राच्या दक्षिणेचा प्रदेश. खीवा शहर तिथलंच, आज ते उझबेकिस्तानात आहे. तबरी यांच्या इतिहासात मात्र त्यांच्या नावापुढं कुतरुब्बुली असंही येतं. कुतरुब्बुल हा बगदादजवळचा इलाका. त्यामुळं काही अभ्यासकांना वाटतं की घराणं ख्वारिज्मचं असेल, पण ते स्वतः बगदादच्या आसपासच वाढले असतील.

बगदाद तेव्हा तरुण शहर होतं. खलीफा अल-मन्सूर यांनी ७६२ मध्ये ते वसवलं. ख्वारिज्मी लहान असताना तिथं हारून अल-रशीद यांचा अंमल होता. त्यांच्यानंतर अमीन आणि मामून या दोन भावांत तख्तासाठी लढाई झाली. ८१३ मध्ये मामून खलीफा झाले आणि ८३३ पर्यंत राहिले. याच वीस वर्षांत ख्वारिज्मींचं मोठं काम झालं. दहाव्या शतकात इब्न अल-नदीम यांनी ग्रंथांची जी मोठी सूची केली, तिच्यात ख्वारिज्मींचा उल्लेख मामून यांच्या ग्रंथालयाशी जोडलेले विद्वान असा येतो. हेच ते प्रसिद्ध बैतुल हिकमा. ग्रीक, फारसी आणि संस्कृत ग्रंथांचं ज्ञान त्या काळात अरबीत येत होतं, आणि समरकंदहून आलेली कागद करण्याची कला बगदादेत रुजली होती. किताब लिहिणं आणि तिच्या नकला करणं पूर्वीपेक्षा सोपं झालं होतं.

ख्वारिज्मींनी तिथं ग्रहताऱ्यांची कोष्टकं केली, पृथ्वीवरच्या २,४०० हून जास्त ठिकाणांचे अक्षांश-रेखांश देणारं भूगोलाचं पुस्तक लिहिलं, सूर्यघड्याळ आणि ॲस्ट्रोलेबवर लिहिलं, यहुदी लोकांच्या कालगणनेवरही लिहिलं. इल्म कुठल्या कौमचं आहे हे बघून ते थांबले नाहीत, हे त्यांच्या कामाच्या यादीवरूनच दिसतं.

किताब कशासाठी लिहिली

मामून यांच्या काळात, साधारण ८२० ते ८३० च्या दरम्यान, त्यांनी जब्र आणि मुकाबला यांच्या हिशेबाची आपली छोटेखानी किताब लिहिली. सुरुवातीलाच ते मामून यांचा आदरानं उल्लेख करतात आणि किताब कशासाठी आहे ते सांगून टाकतात. मीरास, वसीयत, वाटणी, कोर्टकज्जे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणं, अशा रोजच्या कामात लोकांना जे हिशेब लागतात त्यातलं सोपं आणि उपयोगी तेवढं द्यावं, असा त्यांचा इरादा होता.

किताबेत आज आपण वापरतो तशी चिन्हं नाहीत. बेरजेचं चिन्ह नाही, बरोबरचं चिन्ह नाही, क्ष आणि य नाहीत. आकडेसुद्धा शब्दांत लिहिलेले आहेत. सगळं गणित वाक्यांत चालतं. जी रक्कम माहीत नाही तिला ते शै म्हणतात. उर्दूत आपण हर शै म्हणतो, तोच हा शब्द. शै म्हणजे वस्तू, एखादी गोष्ट. त्या शैला तिनंच गुणलं की येणाऱ्या संख्येला ते माल म्हणतात, आणि साध्या संख्या दिरहममध्ये मोजतात. घरात आणि बाजारात वापरायचे शब्दच त्यांनी गणितात घेतले.

जब्र आणि मुकाबला हे दोन शब्दही समजून घेण्यासारखे आहेत. जब्र म्हटलं की आपल्याला जबरदस्ती आठवते. पण या धातूचा एक जुना अर्थ मोडलेलं जोडणं, तुटलेलं सांधणं असा आहे. अल्लाहच्या नावांपैकी अल-जब्बार या नावाचाही एक अर्थ आलिम लोक असा सांगतात. स्पॅनिश भाषेत अरबीतून गेलेला अल्जेब्रिस्ता हा शब्द पुढं हाडवैद्यासाठी वापरला जायचा. समीकरणात जिथं वजाबाकीमुळं एखादी राशी तुटलेली आहे, तिथं ती दोन्ही बाजूंना मिळवून पूर्ण करायची, हे जब्र. दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या राशी असतील तर त्यातली समान रक्कम दोन्हीकडून काढून टाकायची, हा मुकाबला.

त्यांचंच एक उदाहरण घेऊ. १० चे दोन भाग करा. एका भागाला दुसऱ्यानं भागलं तर ४ येतात. ते दोन भाग कोणते? आजचा विद्यार्थी दोन चलं घेईल : क्ष अधिक य बरोबर १०, आणि क्ष भागिले य बरोबर ४. ख्वारिज्मी दोन चलं घेत नाहीत. ते एका भागाला शै म्हणतात. मग दुसरा भाग आपोआप १० वजा शै झाला. तो पहिल्याच्या चौपट आहे, म्हणजे १० वजा शै बरोबर ४ शै. आता डावीकडची तुटलेली शै जोडायची, हे जब्र : १० बरोबर ५ शै. शै झाली २, दुसरा भाग ८.

वर्गात ज्याला एका चलाची किंमत दुसऱ्याच्या रूपात ठेवणं म्हणतात, ते हेच. ख्वारिज्मी ही पायरी समीकरण मांडण्याआधीच बोलता बोलता पार करतात. गोष्ट वाचायची, न कळलेली एकच रक्कम निवडायची, तिला नाव द्यायचं, आणि गोष्टीतली बाकीची प्रत्येक रक्कम त्या एका नावाच्या भाषेत सांगायची. शाब्दिक उदाहरणात मुलं अडतात ती याच जागी, कारण त्यांना थेट सूत्र हवं असतं. आधी नाव देणं आणि मग सूत्र, हा क्रम ख्वारिज्मींच्या पानापानावर दिसतो.

किताबेच्या पहिल्या भागात त्यांनी समीकरणांचे सहा प्रकार केले. त्यात वर्गसमीकरणंही आली आणि ती सोडवायची रीत त्यांनी चौकोनांच्या आकृत्या काढून सिद्ध केली. गणिताच्या इतिहासात त्यांचं नाव मुख्यतः या भागामुळं आहे. त्यानंतर व्यापाराचा छोटा भाग येतो. महिना १० दिरहम मजुरीवर ठेवलेल्या माणसानं ६ दिवस काम केलं तर त्याचे किती झाले, असा साधा त्रैराशिकाचा प्रश्न तिथं आहे. उत्तर २ दिरहम. मजुराचे पैसे बुडू नयेत एवढंच त्यात आहे, पण तेही कमी नाही. पुढं जमिनीच्या आकारांची मोजणी येते. आणि मग मीरास.

दोन मुलगे आणि बापाचं येणं

मीरासचे कायदे आपल्या वाचकांना थोडेफार माहीत असतात. मय्यतीच्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, आणि उरलेलं वारसांना. वसीयत एक तृतीयांशापेक्षा जास्त करता येत नाही. वारसांचे हिस्से सूरह अन-निसामध्ये ठरवून दिलेले आहेत. नियम थोडे आहेत. पण कुटुंबं नियमाएवढी सरळ नसतात, आणि हिशेब तिथं अवघड होतो.

ख्वारिज्मींच्या उदाहरणात एक माणूस मरण पावतो. मागं दोन मुलगे. घरात रोख १० दिरहम आहेत. एका मुलाकडं बापाचं आणखी १० दिरहम येणं आहे. आणि बापानं एका बाहेरच्या माणसाला मालाचा एक तृतीयांश द्यावा अशी वसीयत केली आहे.

वरवर पाहिलं तर सोपं वाटतं. रोख १० आणि येणं १० मिळून २० धरले, तर तिसरा हिस्सा ६ पूर्णांक २/३. उरलेल्यातून प्रत्येक मुलालाही ६ पूर्णांक २/३. पण मग बाहेरच्या माणसाला आणि दुसऱ्या मुलाला मिळून १३ पूर्णांक १/३ दिरहम रोख द्यावे लागतील, आणि घरात तर १० च आहेत. कर्जदार मुलाकडून उरलेले पैसे आज मिळत नाहीत. बरं, येणं अजिबात धरलंच नाही, तर कर्जदार मुलगा बापाचे १० वापरून वर रोख रकमेतही वाटा घेतो. तोही न्याय नाही.

म्हणून हिशेब असा केला जातो : कर्जदार मुलाच्या वाट्याला जेवढं येतं, तेवढाच कर्जाचा भाग मालात धरायचा. त्याचा वाटा त्याच्याकडं आधीच पोचला आहे असं समजायचं. पण इथंच पेच आहे. वाटा किती ते कळल्याशिवाय माल किती ते कळत नाही, आणि माल किती ते कळल्याशिवाय वाटा कळत नाही. दोन अज्ञात गोष्टी एकमेकींवर टेकून उभ्या आहेत. दोन चलांची समीकरणं लागतात ती अशाच जागी.

ख्वारिज्मी कर्जातून धरायच्या रकमेला शै म्हणतात. माल झाला १० आणि एक शै. त्यातून तिसरा हिस्सा, म्हणजे ३ पूर्णांक १/३ आणि एक तृतीयांश शै, वसीयतीला गेला. राहिले ६ पूर्णांक २/३ आणि दोन तृतीयांश शै. ते दोन मुलांत वाटले की प्रत्येकाला ३ पूर्णांक १/३ आणि एक तृतीयांश शै. कर्जदार मुलाचा हा वाटा म्हणजेच ती शै. दोन्ही बाजूंनी एक तृतीयांश शै काढून टाका, हा मुकाबला झाला. दोन तृतीयांश शै बरोबर ३ पूर्णांक १/३. म्हणजे शै बरोबर ५.

आता मुलांनी वर्गातल्या रीतीनं करून बघावं. धरलेला माल क्ष, प्रत्येक मुलाचा वाटा य. पहिलं समीकरण : क्ष बरोबर १० अधिक य. दुसरं : क्ष मधून तिसरा हिस्सा गेल्यावर दोन वाटे उरतात, म्हणजे क्ष बरोबर ३ य. म्हणून ३ य बरोबर १० अधिक य, य बरोबर ५, क्ष बरोबर १५. ताळा करून पाहू. बाहेरच्या माणसाला ५ रोख, दुसऱ्या मुलाला ५ रोख, कर्जदार मुलाचे ५ त्याच्या कर्जातून वळते झाले. घरातले १० दिरहम बरोबर संपले. कर्जातले राहिलेले ५ दिरहम कसे धरायचे हा फिकहचा प्रश्न आहे. समीकरणानं समोरच्या १० दिरहमची वाटणी ठरवली, आणि कुणालाही तक्रारीला जागा ठेवली नाही.

एक बाई, तिचा शौहर आणि चार मुलं

दुसरं एक उदाहरण. एक बाई मरण पावते. मागं शौहर, एक मुलगा आणि तीन मुली. तिनं एका बाहेरच्या माणसाला आपल्या मालाचा आठवा आणि सातवा हिस्सा मिळून द्यावा अशी वसीयत केली आहे.

आठवा आणि सातवा हिस्सा मिळून १५/५६ होतात. एक तृतीयांशापेक्षा हे कमी आहेत, म्हणून वसीयत चालते. उरले ४१/५६. वारसांमध्ये शौहरला चौथा हिस्सा, कारण मुलं आहेत. बाकीच्या तीन चतुर्थांशात मुलाचे दोन भाग आणि प्रत्येक मुलीचा एक, असे पाच भाग. म्हणून वारसांच्या रकमेचे २० भाग करायचे : शौहरचे ५, मुलाचे ६, प्रत्येक मुलीचे ३. आता दोन्ही हिशेब जुळावेत म्हणून सगळा माल २० गुणिले ५६, म्हणजे १,१२० भागांचा धरायचा. बाहेरच्या माणसाला ३००. उरले ८२०. त्यातून शौहरला २०५, मुलाला २४६ आणि प्रत्येक मुलीला १२३.

हेच आजच्या रुपयांत मांडू. समजा माल ११ लाख २० हजारांचा आहे. वसीयतीचे ३ लाख, शौहरचे २ लाख ५ हजार, मुलाचे २ लाख ४६ हजार, प्रत्येक मुलीचे १ लाख २३ हजार. बेरीज करून बघा, एक रुपया इकडं तिकडं होत नाही.

या उदाहरणात आम्हाला सर्वात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. तीन मुलींपैकी प्रत्येकीची रक्कम वेगळी, स्पष्ट, आकड्यात दिलेली आहे. मुलींना काहीतरी देऊन टाकू, असं समीकरणात चालत नाही. एका वारसाचा आकडा मिटवला की बेरीज १,१२० येत नाही आणि हिशेब चुकला हे पहिल्या नजरेत कळतं.

हिंदचे अंक आणि इतरांचा वाटा

ख्वारिज्मी हे अशा गणिताचे पहिलेच, असं म्हणणं बरोबर होणार नाही. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर वर्गसमीकरणांची उदाहरणं आहेत. चीनच्या नऊ प्रकरणांच्या प्राचीन गणितग्रंथातलं आठवं प्रकरण अनेक अज्ञात राशींच्या रेषीय समीकरणांचंच आहे. आपल्याकडे ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये बीजगणितावर लिहिलं होतं. ख्वारिज्मींचं मोठेपण वेगळ्या जागी आहे. सुट्या युक्त्या न देता त्यांनी सगळे प्रश्न ठराविक प्रकारांत बसवले, प्रत्येकाची रीत दिली, आणि कुणालाही शिकता येईल अशा भाषेत लिहिलं.

हिंदुस्तानचं देणं तर ते मोकळेपणानं मानतात. त्यांची ग्रहताऱ्यांची कोष्टकं सिंदहिंद या नावानं ओळखली जातात. हे नाव संस्कृत सिद्धांतावरून आलं, आणि तो ग्रंथ अल-मन्सूर यांच्या काळात बगदादला पोचला होता. नऊ अंक आणि शून्य यांनी लिहिण्याची हिंदी रीत समजावणारी एक किताबही त्यांनी लिहिली. तिची मूळ अरबी प्रत आज मिळत नाही, लॅटिन भाषांतरं आहेत. त्या भाषांतरांत त्यांच्या नावाचं अल्गोरित्मी झालं आणि त्यातून अल्गोरिदम हा शब्द आला. मोबाइलमध्ये कुठला व्हिडिओ आधी दाखवायचा हे जो अल्गोरिदम ठरवतो, त्याच्या नावात ख्वारिज्म प्रदेशाचं नाव आहे.

त्यांच्यानंतरच्या पिढीत मिसरचे अबू कामिल यांनी एकापेक्षा जास्त अज्ञात राशींची उदाहरणं पुढं नेली. त्यांचं एक पुस्तक पाखरांच्या खरेदीवर आहे : १०० दिरहममध्ये निरनिराळ्या किमतीची १०० पाखरं घ्यायची, तर कुठली किती? भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणितात अनेक अज्ञात राशींना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं दिली. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्याच बीजगणिताचं फारसी भाषांतर १६३४ च्या सुमारास अताउल्लाह रुश्दी यांनी केलं आणि शाहजहानला अर्पण केलं. अताउल्लाह हे उस्ताद अहमद लाहौरी यांचे पुत्र, आणि औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचे वास्तुकार. म्हणजे हे इल्म बगदादलाच थांबलं नाही. ते येत-जात राहिलं, आणि त्या वाटेवर आपला मुलुखही आहे.

गळालेला अर्धा भाग

ख्वारिज्मींचं शेवटचं दर्शन आपल्याला ८४७ मध्ये होतं. खलीफा अल-वासिक आजारी पडले तेव्हा बोलावलेल्या ज्योतिर्विदांत त्यांचंही नाव तबरी देतात. सगळ्यांनी मिळून कुंडली मांडली आणि खलीफांना अजून पन्नास वर्षांचं आयुष्य आहे असं सांगितलं. दहा दिवसांत खलीफा गेले. ज्या हिशेबाला पाया होता तो हजार वर्षं टिकला. ज्याला नव्हता तो दहा दिवसही टिकला नाही. ख्वारिज्मींचं निधन साधारण ८५० च्या सुमारास झालं असं मानतात.

युरोपात त्यांची किताब तीनशे वर्षांनी पोचली. ११४५ मध्ये स्पेनमधल्या सेगोव्हियात रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी तिचं लॅटिन भाषांतर केलं. पुढं तोलेदोत जेरार्ड ऑफ क्रेमोना यांनी आणखी चांगलं केलं. पण या भाषांतरांत वसीयत आणि मीरासचा भाग घेतलेलाच नव्हता. भाषांतर करणाऱ्यांना समीकरणं हवी होती, इस्लामी वारसा कायदा त्यांना उपयोगाचा नव्हता. त्यामुळं शतकानुशतकं युरोपला अर्धेच ख्वारिज्मी माहीत होते. संपूर्ण किताब १८३१ मध्ये लंडनला छापली गेली. फ्रेडरिक रोझेन या जर्मन विद्वानांनी ऑक्सफर्डच्या हस्तलिखितावरून अरबी मजकूर आणि इंग्रजी भाषांतर एकत्र काढलं. १९८३ मध्ये सोव्हिएत संघानं ख्वारिज्मींच्या जन्माला बाराशे वर्षं झाली म्हणून टपाल तिकीट काढलं. खीव्यात त्यांचा पुतळा आहे.

आम्हाला खंत वाटते ती अशी की आपल्याकडेही तो अर्धा भाग गळालेलाच आहे. ख्वारिज्मींचं नाव राहिलं, मीरासचा हिशेब सुटला. लग्नात एवढं दिलं, आता बहिणीला कशाला, असं कितीतरी घरांत म्हटलं जातं. हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहीण भावाशी नातं तुटू नये म्हणून सही करते, आणि तिच्या सहीला राजीखुशी म्हणतात. वरच्या उदाहरणात तिन्ही मुलींनी असं केलं, तर ३ लाख ६९ हजार भावाकडं जातात आणि त्याचे २ लाख ४६ हजारांचे ६ लाख १५ हजार होतात. ही रक्कम कुठून आली, ते कागदावर मांडलं की लपत नाही. एखादी बहीण खरोखर खुशीनं देत असेल तर तो तिचा हक्क आहे. पण आपला आकडा माहीत नसताना केलेली सही खुशीची कशी म्हणायची?

म्हणून आमचं घरांना एक सांगणं आहे. मुलांना समीकरणं शिकवताना पेन-वह्यांच्या उदाहरणांबरोबर एखादं मीरासचं उदाहरणही द्या. वरची दोन उदाहरणं आकडे बदलून सोडवायला सांगा. दोन मुलांच्या जागी तीन करा, रोख १० च्या जागी ३० करा. मुलाला आणि मुलीलाही सांगा. ती दोघं एकाच कागदावर हिशेब करतील तेव्हा भावाला बहिणीचा आकडा स्वतःच्या हातानं लिहावा लागेल. हे एकदा हातानं लिहिलं की पुढं विसरणं अवघड जातं. आणि घरात प्रत्यक्ष वाटणीची वेळ आली, तर आलिमकडं आणि वकिलाकडं जाण्याआधी सगळी रक्कम, सगळं कर्ज आणि सगळे वारस एका कागदावर लिहा. कुठलंही नाव वगळू नका. ज्याचा वाटा ठाऊक नाही त्याला शै म्हणा आणि हिशेबात ठेवा. ख्वारिज्मींच्या रीतीची पहिली पायरी तीच होती.